गिटारचं पेडल रोज बॅटरी खातंय, शनिवारी कार्यक्रम आहे, मदत हवी आहे

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून गिटारचा आवाज बदलणारं, पायाने दाबायचं जुनं पेडल घेतलं, ७०० रुपयांत. प्लास्टिकचं आहे, कंपनीचं नाव घासून गेलंय, पण आवाज असा की मित्राच्या दहा हजारांच्या पेडलपेक्षा मला हेच आवडतं. फक्त बॅटरी टिकत नाही. रात्री नवी टाकली की सकाळी मेलेली. पाच झाल्या. शनिवारी सोसायटीत कार्यक्रम आहे. पेडल बिघडलंय का? पुण्यात कोण दुरुस्त करेल? लवकर सांगा.

टोनशोधक
७०० मध्ये दुसरं काय मिळणार? थोडे पैसे साठवा आणि धातूच्या डब्यातलं, ट्रू बायपासवालं (बंद असताना गिटारचा आवाज न बदलता थेट पुढे सोडणारं) घ्या. प्लास्टिकवर चार वेळा पाय पडला की संपलं.

खारीबिस्कीट
मी बॅटरीचं विचारलंय.

स्वस्तमस्त
टोनशोधक, तुमचं नेहमीचंच. बॉस कंपनीचं एचएम-२ पेडल आठवतंय का? १९८३ ला आलं, १९९१ ला बंद झालं. तेव्हा भले भले वादक नाक मुरडायचे, जुन्या बाजारात पडून असायचं. स्टॉकहोमकडच्या पोरांनी ते स्वस्तात उचललं, चारही नॉब शेवटपर्यंत फिरवले आणि करवतीसारखा जो आवाज निघाला त्यावर स्वीडिश डेथ मेटल हा संगीतप्रकार उभा राहिला. पुढे मागणी एवढी वाढली की कंपनीला वाझा नावाच्या आपल्या खास मालिकेत ते परत काढावं लागलं. माझ्याकडे बेहरिंगरचं एसएफ३०० आहे. पूर्ण प्लास्टिक. बॅटरी बदलायची तर बिजागरीच्या दोन्ही पिना बॉलपेनच्या टोकाने दाबून झाकण उचलायचं, पहिल्या दिवशी मला पंधरा मिनिटं लागली. पण फझ (फाटका, खरखरीत आवाज) लावला की शेजारचे काका गॅलरीत येतात.

टोनशोधक
ते बॉसच्या एफझेड-२ ची कॉपी आहे. बेहरिंगरच्या पेडलांचं रूपसुद्धा इतकं बॉससारखं होतं की २००५ मध्ये बॉसची मालक कंपनी रोलंडने दावा लावला होता.

स्वस्तमस्त
आणि तो कोर्टाबाहेर मिटला. एफझेड-२ तरी कुठे आभाळातून पडलं? ते युनिव्हॉक्स कंपनीच्या जुन्या सुपर-फझ पेडलवरून आलं. पेडलांच्या धंद्यात सगळे एकमेकांच्या वहीत बघूनच पेपर लिहितात.

कोकणीबेंजो
मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही रत्नागिरीकडचे, आमची बेंजो पार्टी आहे. बेंजोला पिकअप बसवलाय, टेम्पोवर जनरेटर. इको थोडा वाढवला की भोंगा शिट्टी मारतो. कमी किमतीत कुठलं पेडल चालेल?

ओहमकाका
खारीबिस्कीट, अरे पेडल कसलं आहे ते लिही की. बॅटरी साधी का अल्कलाइन? आणि रात्री केबल काढतोस का?
हिशेब बघ. साधं ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारं पेडल) ५ ते १० मिलिअँपिअर ओढतं. चांगली ९ व्होल्टची अल्कलाइन साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे अखंड चालू ठेवलं तरी दोन दिवस जायला हवेत. एका रात्रीत मरते म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर पेडल वेगळंच आहे.

खारीबिस्कीट
बॅटरी वाण्याकडची साधी, तीस रुपयांची. पेडल डिलेचं आहे, म्हणजे आवाज प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं, डिजिटल. लिहिलं नव्हतं का? केबल कशाला काढू, पायाने बंद करतो ना.

टोनशोधक
नव्हतं लिहिलं.

ओहमकाका
झालं, इथेच आहे सगळं. पायाचं बटण फक्त इफेक्ट चालू-बंद करतं, वीज बंद करत नाही. खरा स्विच म्हणजे इनपुटचा जॅक, गिटारची केबल खुपसतोस ती जागा. तो आतून स्टिरिओ असतो. गिटारची मोनो पिन आत गेली की तिचा लांब धातूचा दांडा आतल्या दोन पट्ट्यांना एकदम टेकतो आणि बॅटरीचं निगेटिव्ह जोडलं जातं. पिन आत असेपर्यंत पेडल जागंच, गिटार भिंतीला टेकलेली असली तरी. त्यात डिजिटल डिले ५०-६० मिलिअँपिअर खातं. साधी बॅटरी चार-पाच तासांत मान टाकणारच. पेडल ठणठणीत आहे, वाजवून झालं की केबल उपट.

खारीबिस्कीट
हे कुणीच सांगितलं नव्हतं! पण कार्यक्रमाला बॅटरीवर भरवसा नको. घरातल्या वायफायच्या डब्याचा ॲडाप्टर लावून पाहिला होता, पिन बसते पण दिवा लागत नाही.

ओहमकाका
देवा. परत लावू नकोस. त्यावरचं वर्तुळाचं चित्र बघ. वायफायवाल्यात बहुतेक वेळा मधे पॉझिटिव्ह असतं, पेडलला मधे निगेटिव्ह लागतं. शिवाय ते बरेचदा १२ व्होल्टचे असतात. उलटी वीज अडवायला आत डायोड असतो, त्याने वाचवलं असेल. आधी नवी बॅटरी घालून दिवा लागतो का बघ. लागला तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा आणि ९ व्होल्ट डीसी, मधे निगेटिव्ह, निदान १०० मिलिअँपिअरचा रेग्युलेटेड ॲडाप्टर माग.

टोनशोधक
म्हणूनच म्हणतो, आधी चांगला पॉवर सप्लाय घ्यावा.

स्वस्तमस्त
तुम्ही धातूचा डबा म्हणत होतात.

खारीबिस्कीट
शुक्रवार रात्र. बॅटरीवर दिवा लागला, ॲडाप्टर आणला, त्यावरही लागला! अर्धा तास एकच फ्रेज वाजवत बसलो, आई ओरडली. एकच गोष्ट, मित्राचं ओव्हरड्राइव्ह त्याच ॲडाप्टरवर जोडलं की बारीक चींSS येतं.

ओहमकाका
डिजिटलचा गोंगाट वायरीतून तिकडे पोचतोय. ओव्हरड्राइव्ह बॅटरीवर चालव. आणि मध्यंतरात केबल काढ.

कोकणीबेंजो
आमच्या शिट्टीचं कुणी सांगेल का? गणपती जवळ आले.