शाखा नाही, गट काढा

युनायटेड रिलिजन्स इनिशिएटिव्ह ही वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संस्था. सांगली-मिरजेत तिची शाखा काढायला परवानगी कुणाची लागते, असा प्रश्न आलाय. या संस्थेच्या शाखा नसतात. २००० साली सनदेवर सह्या झाल्या तेव्हापासून रचना स्वतंत्र ‘सहकार्य गटां’ची आहे. किमान ७ सभासद, किमान ३ वेगवेगळ्या धर्मांचे किंवा परंपरांचे. पैसे उभे करायचे ते गटानेच.

इथे नोंदणी करायचीच असेल तर १८६०च्या सोसायटी कायद्यालाही सातच माणसं लागतात, कागद धर्मादाय कार्यालयात जातात. परदेशी देणगीचं मात्र सुरुवातीला डोक्यातून काढा. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि ती साधारणपणे ३ वर्षं काम दाखवल्याशिवाय मिळत नाही.

गट मोडतात ते बहुतेक वेळा तत्त्वावरून नाही, वेळेवरून आणि जेवणावरून. शुक्रवारची दुपार आणि रविवारची सकाळ सोडा. रमजानमध्ये सगळ्यांना एकत्र जेवायला बसवायचा हट्ट नको: रोजा सुटतो सूर्यास्ताला, आणि चौविहार पाळणाऱ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर काहीच न खाणाऱ्या-पिणाऱ्या जैनांचं जेवण त्याआधीच आटोपलेलं असतं. एरवी कांदा-लसूण नसलेला साधा मसालेभात सगळ्यांना चालतो, पण एकादशी बघून घ्या.

दुसरी गोम म्हणजे सातातले पाच एकाच आळीचे आणि बाकी दोघे फोटोपुरते. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकायला सगळेच येतात, माणसं तिथून जोडा. आणि बायका पहिल्या बैठकीपासून हव्यात, नंतर ‘घेऊ’ म्हटलं की राहतंच.