सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) स्ट्रक्चरल ऑडिटचा (बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा) ठराव पास करायचाय. भावनेला हात घालू, आकडे दाखवू की अजून काही?

वर्तकनगरवाली
नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला राहते, बिल्डिंग १९९३ ची, सात मजली. कमिटीत मी यंदाच आलेय त्यामुळे सप्टेंबरच्या एजीएममध्ये स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव मांडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. मागच्या वर्षी सेक्रेटरींनी हाच विषय काढला होता, मस्त पीपीटी होती, रिबाऊंड हॅमर काय, अल्ट्रासोनिक काय, काँक्रीट तपासायच्या सगळ्या टेस्ट नीट समजावल्या त्यांनी, आणि शेवटी एक काका उभे राहिले, म्हणाले "तीस वर्षं उभी आहे ना, मग?" सगळे हसले, समोसे आले, विषय संपला.

माझा भाचा मास मीडिया करतोय, तो म्हणतो ॲरिस्टॉटलने हे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. एथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा भरवसा, पॅथॉस म्हणजे भावना, लॉगॉस म्हणजे तर्क, तिन्ही वापर. ऐकायला छान आहे पण मला मिळणार दहा मिनिटं, समोर निम्मे लोक मोबाईलमध्ये आणि उरलेले पार्किंगवरून भांडायच्या तयारीत. मग जोर कशावर देऊ? जाऊबाई म्हणतात सरळ रडव सगळ्यांना. मला ते कसंतरीच वाटतं पण आकड्यांनी तर काही झालं नाही हे डोळ्यांनी बघितलंय.

चहाबिस्किट
जाऊबाईंशी सहमत 😄 मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बिल्डिंग पडली, ७४ माणसं गेली. पहिलीच स्लाइड त्या ढिगाऱ्याची टाका, हॉलमध्ये एक माणूस हसणार नाही. पीपीटीत टेस्टची नावं वाचून कोणाला काय कळतं हो, लोक घाबरले की सही करतात.

सिव्हिलवाला_ऐरोली
कृपया हे करू नका. शिळफाट्याची ती बिल्डिंग बेकायदा होती आणि तिचं काम अजून चालू होतं, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवले होते. तुमची १९९३ ची, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) वगैरे असलेली. तुमचे ते काका पहिल्या मिनिटाला हे बोलून दाखवतील, आणि मग पुढे तुम्ही जे काही खरं सांगाल तेही घाबरवण्यासाठीच सांगताय असं वाटेल. एकदा का "ही आपल्याला घाबरवतेय" असं डोक्यात बसलं की गेलं.

त्यापेक्षा तुमच्याच पार्किंगमध्ये जा. कॉलमच्या कोपऱ्यात उभी भेग दिसते का बघा, बीमखाली तपकिरी डाग, जिन्यात प्लॅस्टर सुटून सळी उघडी. कारण एवढंच सांगा की सळी गंजली की तो गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आतून काँक्रीट ढकलतो, म्हणून बाहेर भेग येते. म्हणजे भेग दिसली याचा अर्थ आतलं काम आधीच सुरू झालंय. वरून पुट्टी-पेंट मारलं की भेग दिसायची थांबते, गंज थांबत नाही (हे वाक्य मोठ्याने म्हणा, तुमच्याकडे मागच्या पेंटिंगला किती खर्च झाला ते सगळ्यांना आठवत असेलच).

आणि एक करता येईल. पालिकेच्या पॅनलवरचा जो इंजिनियर कोटेशन द्यायला येईल त्याला सांगा, जिथे ताजं फोडलेलं काँक्रीट मिळेल तिथे फिनॉल्फ्थॅलिन मारून दाखव. काँक्रीट ठीक असेल तर गुलाबी होतं, कार्बोनेशन झालं असेल (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा सळीला जपणारा अल्कली गुण गेला असेल) तर रंगच येत नाही. शाळेच्या लॅबमधलंच ते. याने बिल्डिंग पडणार की नाही हे कळत नाही हां, तसं सांगूही नका. फक्त सळीभोवतीचं संरक्षण उरलंय का, एवढंच आणि तेवढ्याच जागेपुरतं कळतं. पण दोन-चार मेंबरांनी स्वतः उभं राहून ते बघितलेलं असलं की एजीएममध्ये तुमच्याऐवजी तेच बोलतात.

जुना_वक्ता
वादविवाद स्पर्धांमध्ये बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसलोय म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

तुमच्या भाच्याने तिन्ही नावं बरोबर सांगितली पण ॲरिस्टॉटल ती सारख्या वजनाची मानत नाही. तो म्हणतो की बोलणाऱ्याचं चारित्र्य हे जवळजवळ सगळ्यात प्रभावी साधन, आणि त्यात तीन गोष्टी येतात, माणसाला अक्कल आहे का, तो सचोटीचा आहे का, आणि त्याला आपलं भलं व्हावंसं वाटतं का. सोसायटीत अडतं ते तिसऱ्यापाशी. लोकांना ऑडिटचं गणित कळत नाही असं अजिबात नाही, बँकेत आयुष्य काढलेली माणसं असतात. त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, यात कमिटीचा काय फायदा? आज ऑडिट, उद्या रिपेअर, परवा रिडेव्हलपमेंट आणि बिल्डर अध्यक्षांच्या ओळखीचा. हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, त्याऐवजी "तीस वर्षं उभी आहे" म्हणतात. त्याला तुम्ही अल्ट्रासोनिकने उत्तर देत बसलात तर कसं व्हायचं.

टिळकांचा १९०८ चा खटला बघा. केसरीतल्या लेखांवरून राजद्रोह, आणि टिळकांनी स्वतः ज्युरीपुढे एकवीस तासांहून जास्त भाषण केलं. कायदा, मराठी शब्दांची चुकीची भाषांतरं, वृत्तपत्राचं काम, सगळं मुद्देसूद. निकाल ७ विरुद्ध २, दोषी, सहा वर्षं मंडाले. तर्कात खोट नव्हती, पण त्या सात युरोपियनांना हा माणूस आपला वाटतच नव्हता. आणि नंतर शिक्षेआधी जी मोजकी वाक्यं बोलले ती आज हायकोर्टात पाटीवर कोरलेली आहेत.

भावनेबद्दल तर ॲरिस्टॉटलने फार कामाचं सांगून ठेवलंय. माणूस लांबच्या संकटाला घाबरत नाही, मरण येणार हे सगळ्यांना माहीत असतं पण जवळ नाही म्हणून कोणी काळजी करत नाही. आणि दुसरं, भीतीने माणूस विचार करायला लागतो ते सुटकेची थोडी आशा असेल तरच, नाहीतर तो विचार करणंच सोडून देतो. ढिगाऱ्याच्या फोटोत सुटका कुठे आहे?

चहाबिस्किट
ठीक आहे ढिगारा मागे घेतो. पण सर, ब्रिटिश ज्युरी आणि बी-विंगचे काका यात थोडा फरक आहे हो. काकांना टिळक पुण्यतिथीला भाषण करायला मिळालं तरी ते खूश 😅

निवृत्त_कोपरी
मी असाच एक काका आहे, वेगळ्या सोसायटीतला. आमच्याकडे हाच ठराव आला तेव्हा मीही विरोधात बोललो होतो आणि माझं म्हणणं आजही तेच आहे, पण कारण कोणी विचारलं नाही.

आम्हाला भीती बिल्डिंग पडायची नसते. भीती असते रिपोर्टात सी-१ येईल याची. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पालिकेची नोटीस, रिकामी करा. मग पेन्शनवर ठाण्यात भाडं कोण देणार, कल्याणच्या पुढे कुठेतरी जायचं, बायकोचा गुडघा, डॉक्टर इथे. त्यापेक्षा न कळलेलं बरं. हे चूक असेल पण हे असं आहे. तुमच्या पीपीटीत ऑडिट कसं करतात ते सगळं असतं, ऑडिटनंतर आमचं काय होतं ते एकाही स्लाइडवर नसतं.

कोणी तेव्हाच सांगितलं असतं की सी-१ च्या खाली सी-२ए आहे ज्यात घर रिकामं करून दुरुस्ती होते, सी-२बी आहे ज्यात घर न सोडता दुरुस्ती होते, सी-३ म्हणजे किरकोळ, आणि जितकं लवकर तपासाल तितकं खालच्या वर्गात निभावण्याची शक्यता जास्त, तर मी निदान ऐकून घेतलं असतं. आणि ते "बीपी तपासल्याने बीपी वाढत नाही" वालं उदाहरण देऊ नका प्लीज. मी रोज तपासतो, वाढतं.

सिव्हिलवाला_ऐरोली
काका एकदम बरोबर. आम्ही इंजिनियर लोक हा भाग विसरतो कारण आमचं काम रिपोर्ट दिला की संपतं. फक्त एक काळजी, "आपली सी-२बीच येईल" असं आधी कोणालाही शब्द देऊ नका, इंजिनियरलाही देऊ देऊ नका. देत असेल तर तो इंजिनियर बदला.

आणि कायद्याचं कधी सांगायचं तेही बघा. मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे) १५ ते ३० वर्षं जुन्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी ऑडिट लागतंच. तुमची ३० च्या वर गेलीय. म्हणजे करायचं की नाही हा प्रश्न मुळात उरतच नाही, कोणाकडून आणि कितीत एवढाच ठराव आहे. पण सुरुवातीलाच कायदा काढलात तर धमकी वाटते. शेवटाकडे, शांतपणे.

वर्तकनगरवाली
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. कोपरीच्या काकांचं वाचून मी आज संध्याकाळी खाली बाकावर आमच्या "त्या" काकांच्या शेजारी जाऊन बसले आणि विषय न काढता फक्त विचारलं की तुम्हाला काय वाटतं. तर निघालं काय, मागच्या वॉटरप्रूफिंगचा हिशोब त्यांनी दोन वेळा मागितला होता आणि अजून मिळालेला नाही. ऑडिटशी काडीचा संबंध नाही!

तर आता असं करतेय. आधी तो वॉटरप्रूफिंगचा हिशोब नोटीस बोर्डवर लावायचा, खजिनदार तयार झालेत (जरा कुरकुरले). मग ऑडिटची तिन्ही कोटेशन्स एजीएममध्ये सगळ्यांसमोर फोडायची, आणि फोडायला त्या काकांनाच बोलवायचं. फोटो फक्त आमच्या पार्किंगचे. आकडा एकच, दर फ्लॅटमागे किती. म्हणजे समजा १,६८,००० चं कोटेशन आलं आणि आम्ही ५६ फ्लॅट, तर ३,००० एकदाच. मग सी-१ ते सी-३ ची एक स्लाइड आणि पुढे काय ते. कायदा शेवटी. रडवणं कॅन्सल, जाऊबाई नाराज आहेत.

एक शंका आहे, ठराव मी मांडू की सेक्रेटरींनीच? मला इथे येऊन चारच वर्षं झालीत.

जुना_वक्ता
मांडा तुम्ही, अनुमोदन त्या काकांकडून घ्या. देतील की नाही ते हिशोब लागल्यावर कळेलच. कोटेशन काय काय कामाचं आहे ते मात्र आधी त्यांच्याशी बसून बघा, नाहीतर सभेत फोडायला बोलावून त्यांना शोभेचं केलं असं वाटेल.

निवृत्त_कोपरी
आणि विषय अजेंड्यावर घातलाय ना? एजीएमची नोटीस १४ दिवस आधी जायला हवी, त्यात स्वतंत्र क्रमांक देऊन स्पष्ट लिहा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात सरकवलात तर मी तुमच्या सोसायटीत नसूनही विरोधात मत देईन.