वीज गेल्यावर वस्तीला जे मिळाले, ते पुढे टिकले का?

प्रश्न – गल्लीतील रहिवासी, पुणे
मे महिन्यात आमच्या गल्लीतील डीपी जळाली आणि सुमारे तीस तास वीज नव्हती. पहिले दोन तास त्राग्यात गेले. मग उकाडा सोसवेना, तेव्हा एकेक कुटुंब चटया घेऊन गच्चीवर आले. तिसऱ्या मजल्यावरील ज्या आजींशी आमचा संबंध जिन्यात मान डोलावण्यापुरताच होता, त्यांनी कंदिलाच्या उजेडात मुलांना रात्री अकरापर्यंत जुनी कोडी घातली. दूध नासू नये म्हणून चार घरांचे दूध एकत्र करून एकीने त्याची खीर केली. दुसऱ्या रात्री वीज आली आणि दहा मिनिटांत गच्ची ओस पडली, याची मला अजूनही हळहळ वाटते. तुमच्याकडे असे काही घडून वीज आल्यावरही टिकले असेल, तर ते कशामुळे टिकले, हे कृपया लिहावे.

श्रीवर्धन तालुक्यातून
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या वाडीतील नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि आम्ही कित्येक आठवडे अंधारात होतो. जे नुकसान झाले ते भरून येणारे नव्हते. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. त्यामुळे त्या दिवसांना मी चांगले म्हणणार नाही. तरी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पंप बंद पडल्याने, ज्या जुन्या विहिरीवर पत्रा टाकून ठेवला होता तिचा गाळ आम्ही सर्वांनी मिळून उपसला, नवा रहाट बसवला आणि टाळेबंदीमुळे मुंबईहून परतलेली तरुण मुले रोज पहाटे म्हाताऱ्या माणसांच्या घरी कळश्या पोहोचवू लागली. दुसरी गोष्ट काजव्यांची. ते प्रकाशाच्या उघडझापेनेच जोडीदाराला खूण करतात आणि दिव्यांच्या झगमगाटात ती खूण हरवते. त्या जूनमध्ये मात्र आमच्या परसातील उंबर रात्रभर लुकलुकत होता. वीज आल्यावर आम्ही परसातील दिवा पुन्हा लावला नाही. विहीरही टिकली, कारण दरवर्षी होळीनंतर गाळ काढायचा असे तेव्हाच ठरवून घेतले होते.

हौशी आकाशनिरीक्षक, नाशिक
गच्ची पुन्हा भरावी असे वाटत असेल, तर मुलांना आकाश दाखवावे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की नारिंगी स्वाती आणि त्यापुढे शुभ्र चित्रा सापडते. शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून असलेली मंद अरुंधती लग्नात दाखवण्याचा विधी आहे, पण शहरातील उजेडात ती अनेकांना दिसतच नाही. अमावास्येच्या आसपास एक रात्र ठरवून गच्चीवरील आणि जिन्यातील दिवे तासभर बंद ठेवावेत, एवढेच पुरे.

परिचारिका, सोलापूर
वरील सर्व वाचून आनंद झाला. तथापि ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो, त्यांच्यासाठी वीज जाणे म्हणजे जिवाची धास्ती असते, हे विसरू नये. आमच्या चाळीत एका रात्री अशा आजोबांसाठी शेजाऱ्यांनी आपला इन्व्हर्टर मोकळा करून दिला. त्यानंतर आम्ही एका वहीत कोणाच्या घरी फ्रिजमध्ये थंड ठेवावे लागणारे इन्सुलिन आहे, कोण नेब्युलायझर वापरते आणि कोणाकडे इन्व्हर्टर आहे, हे त्या-त्या कुटुंबाला विचारून लिहून ठेवले. ती वही आमच्या खोलीत असते आणि दर दिवाळीला ती पुन्हा तपासली जाते.

गल्लीतील रहिवासी, पुणे
आपणा सर्वांचा आभारी आहे. वहीची कल्पना मी काल आजींच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनीच सांगितले की त्यांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते. त्या दोन रात्री आमच्यापैकी कोणी त्यांना हे विचारलेही नव्हते. पहिले नाव त्यांचे लिहिले आहे. येत्या अमावास्येला गच्चीवरील दिवे बंद ठेवण्यास सहा घरांनी होकार दिला असून, कोडी घालण्याचे आजींनी आपणहून कबूल केले आहे.