बेल्ट तुटला की गाडी नुसती बंद पडत नाही

“बेल्ट तुटला तर फार तर गाडी बंद पडेल, टो करून नेऊ” असं बरेचदा म्हटलं जातं. बाहेरच्या, अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) फिरवणाऱ्या बेल्टपुरतं ते ठीक. टायमिंग बेल्टचं प्रकरण निराळं. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) 2 वेळा फिरला की कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) 1 वेळा, हे गणित तो सांभाळतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात. बेल्ट गेला की व्हॉल्व्ह वाकतात. मग स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भर्रकन फिरतं, कारण कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) उरलेलं नसतं. तो आवाज आला की पुन्हा किल्ली फिरवू नका, उरलेसुरले व्हॉल्व्हही जातील.

“महागड्या गाडीत बेल्टऐवजी चेन असते, चिंता नाही” हेही अर्धंच खरं. बीएमडब्ल्यूच्या एन47 डिझेलमध्ये चेन आहे, पण मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे सुटा भाग किरकोळ आणि खोलाखोली भारी! फेरारी एफ355 मध्ये तर नुसता बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवतात.

चेनचे सांधे झिजतात, ती लांबते. बहुतेक गाड्यांत टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे ऑइल बदलायची टाळाटाळ थेट इथे भोवते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले 2-3 सेकंद ढिल्या चेनची खडखड येते का, बॉनेट उघडून ऐका. मी ती महिनाभर “थंडीमुळे असेल” म्हणून सोडून दिली होती. शहाणपणा नडला.

आणि हो, जुनी गाडी घेताना फक्त किलोमीटर पाहू नका. उभ्या गाडीतही बेल्टचं रबर म्हातारं होतं.