रक्तातली साखर नॉर्मल असेल तर गोड कितीही चालतं का?

चौकस:
जास्त गोड खाल्लं की डायबेटिस होतो, एवढंच सगळीकडे ऐकायला मिळतं. मग उपाशीपोटीची साखर ९२ आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.४ असेल तर गोडावर लक्ष ठेवायची गरजच नाही का? त्याच रिपोर्टात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढून २४० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असेल, दारू अजिबात नसेल, तर त्याचा साखरेशी संबंध लावता येतो का? आणि दिवसाला चमचे नक्की किती?

यकृतपुराण:
लावता येतो. साखरेच्या रेणूत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं आणि रक्ततपासणीत तेच मोजतात. फ्रुक्टोजचा थोडा भाग आतड्यातच संपतो, बाकीचं बहुतेक यकृताच्या गळ्यात पडतं. ग्लुकोजच्या वाटेवर 'आता पुरे' म्हणणारं एक एन्झाइम आहे. फ्रुक्टोज त्याला वळसा घालून जातं. त्यामुळे भरपूर आलं की जादाची चरबी होते. काही यकृतातच साचते, काही ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात उतरते. तुमच्या दोन्ही ओळी एकाच रिपोर्टात दिसतात त्या उगाच नाहीत. या भानगडीत युरिक ॲसिडही वाढतं, तेही तपासून घ्या.

साखर ९२ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून तो आकडा वर्षानुवर्षं सांभाळू शकतं. मात्र सगळं खापर साखरेवर फोडू नका. पोटाचा घेर, थायरॉइड, स्टेरॉइडसारखी औषधं, आनुवंशिकता यांनीही ट्रायग्लिसराइड चढतं.

मोजमाप:
चमच्यांचं उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस अशी की 'मुक्त साखर', म्हणजे मुख्यतः वरून घातलेली साखर, एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. सपाट चहाचा चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे साधारण १२ आणि ६ चमचे. शिगोशीग भरलेला चमचा मात्र ६-७ ग्रॅमवर जातो, तिथेच हिशोब फसतो. मध आणि फळांचा रसही मुक्त साखरेतच. अख्खं फळ आणि दुधातली साखर त्यात नाही.

खरी गोची पाकिटावर. 'दर १०० ग्रॅम साखर २२ ग्रॅम' आणि 'एक सर्व्हिंग ३० ग्रॅम' असं लिहिलेलं असतं, म्हणून ६.६ ग्रॅम वाटते. पाकीट १२० ग्रॅमचं असतं आणि एका बैठकीत संपतं: २६ ग्रॅम! ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये तर ३५ ग्रॅमच्या आसपास. पेयातल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, जेवण तेवढंच होतं. म्हणून कपात तिथूनच सुरू करा.

माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) पाकिटावरच्या साखरेच्या रकान्यात धरलं जात नाही, पण रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने चढवतं. घटकांची यादी वाचा.

दंतकथा नव्हे:
दात राहिलेच की. तिथे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं. जंतू साखरेपासून ॲसिड करतात, तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. एक गोड कॉफी तीन तास घोट-घोट पीत बसलं की लाळेला उसंतच नाही. गोड जेवणासोबत उरका. आंबट-गोड पेयानंतर लगेच ब्रश करू नका, नरम झालेलं इनॅमल घासलं जातं. अर्धा तास थांबा.

चौकस:
आभार. कपात केल्यावर तपासणी कधी करायची?

यकृतपुराण:
ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत हलतं. ६ ते १२ आठवड्यांनी, १२ तास उपाशी राहून, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही. आणि कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांना न सांगता गोड एकदम तोडू नये. डोस तोच राहिला तर साखर ७०च्या खाली घसरू शकते.