सिस्टिक फायब्रोसिस असताना आई होण्याचा विचार : नाशिकहून एक प्रश्न

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

माझे वय २८ असून मला लहानपणापासून सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत आणि पचनमार्गात घट्ट, चिकट स्राव साचण्याचा आनुवंशिक आजार) आहे. सुरुवातीला क्षय समजून बरेच महिने औषधे दिली गेली; पुढे घामाच्या तपासणीत क्लोराइड ६० च्या बरेच वर आल्यावर खरे निदान झाले. सध्या फुप्फुसांची क्षमता, म्हणजे एफईव्ही-१, ६८ टक्क्यांच्या आसपास स्थिर आहे. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल आणि सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर चालू असतो. माझे पती माझे आतेभाऊ आहेत आणि सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. आम्हाला मूल हवे आहे, पण एका डॉक्टरांनी कोणतीही तपासणी न करता ‘तुम्ही त्या वाटेला जाऊच नका’ असे सांगितले. माझे शरीर बाळंतपण सोसेल का आणि बाळाला हा आजार होईल का, हे मला समजून घ्यायचे आहे. माहेर निफाडजवळ द्राक्षबागांच्या मधोमध आहे आणि पहिल्या बाळंतपणाला तिकडेच जायचे, असे घरात सर्वांनी गृहीत धरले आहे.

उत्तर १ (जनुकीय समुपदेशक, मुंबई)

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण घरातल्या नात्यामुळे त्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे आहे. सीएफटीआर या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की हा आजार होतो. आपल्या दोन्ही प्रती सदोष असल्याने आपले प्रत्येक मूल किमान वाहक (एकच प्रत सदोष असलेले, स्वतः आजारी नसलेले) तरी असणारच. त्याला आजार होईल की नाही, हे आपल्या यजमानांवर ठरेल. ते वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता निम्मी असते.

आता नात्याचा हिशेब पाहा. आपल्या वडिलांकडे एक सदोष प्रत आहे. तीच प्रत त्यांच्या बहिणीकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्याकडून मुलाकडे येण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. त्यामुळे आज कोणतीही तपासणी नसताना बाळाला आजार होण्याची शक्यता आठात एक निघते. परक्या घरात लग्न झाले असते तर ती यापेक्षा पुष्कळ कमी असती. म्हणूनच दिवस जाण्याआधी यजमानांची रक्ततपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र केवळ युरोपात आढळणाऱ्या ठरावीक दोषांची यादी तपासणारी स्वस्त चाचणी पुरेशी मानू नका. भारतीय रुग्णांतील अनेक दोष त्या यादीत नसतात, म्हणून संपूर्ण जनुकाचे वाचन करून घ्या.

ते वाहक निघाले तरी मार्ग बंद होत नाहीत. टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी त्याची तपासणी करता येते आणि २०२१ च्या कायद्याने तशी परवानगी आहे. नैसर्गिकरीत्या दिवस गेले, तर ११ ते १३ व्या आठवड्यात वारेच्या पेशी घेऊन निदान होते.

उत्तर २ (छातीरोगतज्ज्ञ, नाशिक रोड)

६८ टक्के हा आकडा एवढ्यावरून नकार देण्यासारखा नाही. मला त्यापेक्षा मागच्या दोन वर्षांत तो घसरला का, वजन पुरेसे आहे का आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला नाही ना, हे पाहावेसे वाटते. त्यासाठी आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. हा रक्तदाब वाढलेला असेल तर मात्र गर्भारपण जिवावर बेतू शकते. साखरेची चाचणी दिवस जाण्यापूर्वी आणि पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यात हवी. ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस गर्भाला घातक ठरतो, तेव्हा गोळ्यांचे प्रमाण तपासून घ्या. दिवस गेल्याचे कळताच घाबरून नेब्युलायझर, फिजिओथेरपी किंवा एन्झाइम परस्पर बंद करू नका. बाळाला खरा धोका आईच्या छातीतील संसर्ग बळावण्याचा असतो. काही प्रतिजैविके मात्र बदलावी लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे मीठ फार जाते, तेव्हा पाणी आणि मीठ यांची तजवीज ठेवा.

उत्तर ३ (एक आई, पुणे)

मलाही हाच आजार आहे आणि माझी मुलगी आता शाळेत जाते. बाळंतपणाइतकीच त्यानंतरच्या महिन्यांची तयारी करा, कारण रात्रीची जागरणे सुरू झाली की सर्वांत आधी मागे पडतो तो स्वतःचा नेब्युलायझर. आमच्याकडे सकाळी कफ मोकळा करण्याच्या वेळात बाळ सासूबाईंकडेच असायचे आणि त्या वेळेला घरात कोणीही हात लावला नाही. अंगावर पाजण्याला माझ्या डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त माझा आहार वाढवावा लागला. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर त्यासाठी उत्तमच, पण सोबत एन्झाइम घ्यायला विसरू नका. शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी मात्र नम्रपणे नाकारा. धूर आपल्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि गंधकाची धुरळणी चालू असताना बागेलगतच्या घरात राहणेही नको. आईलाच नाशिकला बोलवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी घरी वाचून दाखवली. आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “माझंच रक्त आधी घ्या.” माझा जुना जनुकीय अहवाल सापडत नाही. तरीही यजमानांपासून सुरुवात करावी का?

उत्तर १ (जनुकीय समुपदेशक)

अहवाल नसेल तर पहिला नमुना आपला द्या, आणि सोबत यजमानांचा. आपले दोन्ही दोष नेमके कळल्यावरच भ्रूणाची किंवा वारेची तपासणी भरवशाची होते. आत्याबाईंच्या तपासणीची गरज बहुधा पडणार नाही, हे त्यांना अवश्य सांगा.