मदत हवी आहे : वकिलांच्या न्यूजलेटरसाठी लेख, स्वतःच्या मॅटरमधलं किती लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी दिंडोशीच्या सत्र न्यायालयात फौजदारी मॅटर्स करते. ट्रायल कोर्टात काम करणाऱ्या वकिलांच्या आमच्या संघटनेने न्यूजलेटरसाठी सभासदांकडून लेख मागवले आहेत. मर्यादा १५०० शब्दांची.

विषय ठरलाय : सीसीटीव्ही फुटेज पुराव्यात घेण्यासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटवर तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता सर्टिफिकेट दोन भागांत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा कोड). त्याआधीच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, जालन्याच्या निवडणुकीवरून सुप्रीम कोर्टात गेलेल्या खोतकर प्रकरणाचा २०२० चा निकाल, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. पण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जप्तीचा पंचनामा साक्षीदाराला आधी दाखवायचा की सर्टिफिकेट, फुटेज पेनड्राइव्हवर कोणी घेतलं हे कधी विचारायचं, हा क्रम ज्युनिअर मुलांना कोणी सांगत नाही. मला तोच लिहायचाय.

अडचण अशी, की हा क्रम माझ्या एका मॅटरमधला आहे. अशील निर्दोष सुटला, पण सरकारचं अपील हायकोर्टात पडून आहे. नावं काढून लिहिलं तर चालेल का? अशिलाची परवानगी लागेल? शिवाय खटला आधीपासून चालू असल्याने नव्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे तो जुन्याच कायद्याखाली चालला. मग लेखात दोन्ही कायदे घ्यावेत का? आणि संपादक लेखाखाली परिचय व मोबाइल नंबर मागतायत. वकिलांना जाहिरात करायला मनाई करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम ३६ मुळे नंबर द्यायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

मॅडम, विषय फार गरजेचा निवडलात, लिहाच.

नावं काढणं पुरेसं नाही. दिंडोशीत कोणता मॅटर ते दोन ओळींत ओळखतील. कोर्टात नोंदवलेली साक्ष उघड आहे, ती वापरता येते. पण अशिलाने तुमच्या ऑफिसात बसून जे सांगितलं ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली (वकील-अशील गोपनीयता) येतं आणि वकीलपत्र संपलं तरी बंधन सुटत नाही. त्यामुळे लेखी संमती घ्या. अपिलात काय मांडणार आहात त्याचा मागमूसही नको, सरकारी वकीलही तेच न्यूजलेटर वाचतात. मी तर काल्पनिक खटला रचेन : दुकान वेगळं, वेळ वेगळी, साक्षीदार वेगळे, प्रश्नांचा क्रम तेवढा तुमचा.

कायदे दोन्ही घ्या. जुने खटले अजून बोर्डावर येतायत, ज्युनिअरला दोन्ही लागतात. फक्त प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या कलमासाठी आहे ते लिहा. हायकोर्टाचा निकाल घेतलात तर न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक) द्या, कोणालाही शोधता येतो.

परिचयात नाव आणि कुठे प्रॅक्टिस करता एवढंच. नंबर संपादकांकडे राहू दे, छापायला नको.

धागाकर्ती

मनापासून आभार सर. काल्पनिक खटल्याचं पटलं, आजच बसते. एकच राहिलं : अशिलाला इंग्रजी येत नाही. संमती मराठीत चालेल ना?

प्रतिसाद १

मराठीतच घ्या. आणि सही घेण्याआधी लेखाचा मसुदा त्याला समोर बसवून समजावून सांगा. एखादी ओळ नको म्हणाला तर ती काढा.